उजव्या खिडकीकडचा माणूस

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं मीटर आणि गेज दुरुस्त केले. माझी चाहूल लागली की कंट्रोल रूममधले लोक पॅनेलवर ठेवलेले चहाचे कप गुपचूप उचलून घ्यायचे. निवृत्त होऊन प्रतापनगरात राहायला आलो, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. तेव्हा पुढे कुठे पारा चढलेला दिसला तर तो स्वभावाचा भाग समजावा, पण राग खोटा समजू नये. लहान विमानाने नागपूरहून तापीकाठी गेलो आणि रेल्वेने परत आलो, त्याची ही हकीकत आहे. अशा विमानात बसायची संधी फार थोड्यांना मिळते, म्हणून जे दिसलं ते सांगतो, आणि जे दिसायला हवं होतं तेही सांगतो.

नागपूर

माझी मुलगी संघमित्रा, घरातली मितू, वैमानिक आहे. वय सव्वीस. मोठं प्रवासी विमान अजून हाती आलेलं नाही. तापीकाठच्या एका लहान धावपट्टीवर एक उड्डाणशाळा आहे, तिथे ती सहायक शिक्षिका होती. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी शिफारस केली की ती पूर्ण शिक्षिका होणार होती, आणि ती शिफारस त्याच आठवड्यात व्हायची होती. शाळेचं एक चार आसनी विमान दुरुस्तीसाठी नागपुरात आलेलं होतं. ते परत नेण्याचं काम मितूकडे आलं, आणि सोबत एक माणूस बसवायची परवानगी तिने मागून घेतली. तो माणूस मी.

मी रिकाम्या हाताने जाणाऱ्यातला नाही. परदेशात राहणाऱ्या पुतण्याकडून मी मितूसाठी एक यंत्र मागवलं होतं. तळहातावर मावेल एवढी डबी, दोन बोटभर अँटेना, खिडकीच्या काचेला चिकटवायला रबरी चकती. आकाशातल्या बऱ्याच विमानांत एक उपकरण असतं, ते सतत सांगत असतं की मी अमुक, इथे आहे, इतक्या उंचीवर आहे. माझी डबी ते ऐकते आणि आपल्या टॅबच्या स्क्रीनवर ती विमानं ठिपक्यांसारखी दाखवते. लहान विमानांच्या टकरी होतात त्या बहुतेक एकमेकांना न पाहिल्यामुळे, असं मी वाचलं होतं. एकुलती एक पोरगी दिवसातून सहा वेळा वर जाते म्हटल्यावर बाप आणखी काय करणार?

निघताना हिने पुडाच्या वडीचा डबा हातात दिला आणि डबीकडे बघून म्हणाली, "पोरीले विमान चालवू द्याजा. तुम्ही नोका चालवू."

"मी कुठं चालवून राहिलो? मी तं मदत करून राहिलो."

"तेच म्हणतो मी," ही म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

विमानतळाच्या मागच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने डबी उलटीपालटी केली. तो अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत बोलत होता. "ये क्या है काका?"

"विमानं दाखवते."

"मग खिडकीतून नाही दिसत का?"

माझं डोकं फिरलं. ज्याला अँटेना आणि रेझर यांतला फरक कळत नाही त्याने मला विमानविद्या शिकवावी? मी त्याला डबीचं कार्य पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं. त्याने शांतपणे साहेबांना बोलावलं, साहेबांनी त्यांच्या साहेबांना बोलावलं, आणि प्रत्येकाला मी तेच व्याख्यान दिलं. मितू बाजूला उभी राहून विमानाच्या कागदांवर सह्या करत होती. शेवटी तिने एक कागद दाखवला आणि दोन मिनिटांत आम्ही आत गेलो.

वऱ्हाडावरून

डिसेंबरची सकाळ होती. मितू डावीकडे, मी उजवीकडे, दोघांच्या कानांवर हेडफोन आणि तोंडासमोर माइक. त्यातून आम्ही एकमेकांशी बोलायचं आणि त्यातूनच रेडिओवरचं ऐकायचं. आमच्या विमानाचे पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं छान दिसतं. धावपट्टी सुटली तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली, ती अंबाझरी तलाव मागे पडेपर्यंत सोडली नाही.

मग उजव्या हाताला कोराडी दिसली. मी तीस वर्षं ज्या चिमण्यांखाली वावरलो त्यांच्याकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या नात्याने पाहत होतो. राखेचा तलाव वरून एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. कॉलनीत आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज जी राख बसायची ती कुठून यायची, ते इतक्या वर्षांनी एका नजरेत कळलं आणि संताप आला. ज्यांनी तिथे कॉलनी बांधायचं ठरवलं त्यांना एकदा असं वरून फिरवायला पाहिजे होतं.

कळमेश्वरच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. त्यांच्या पलीकडच्या एका खेड्यात माझा बाप जन्मला. छप्पनच्या दीक्षेला तो तिथून पायी नागपूरला आला आणि परत गेल्यावर सही करायला शिकला. कुठलाही कागद समोर आला की म्हणायचा, "आधी वाच, मंग लिही." मी मितूला खेडं दाखवायचा प्रयत्न केला, पण वरून सगळीच खेडी सारखी दिसतात. बोट दाखवलं ते बहुधा शेजारच्या गावाकडे.

त्यानंतर मी डबी लावली. रबरी चकती माझ्या खिडकीला चिकटवली, टॅब मांडीवर घेतला, आणि पुढचा तासभर काय सांगू? आमच्या डोक्यावर दूर उंचावरून जाणारी मोठी विमानं स्क्रीनवर एकेक करून उमटू लागली. कुठून कुठे चाललीत, किती उंच आहेत, सगळं लिहिलेलं. मी मितूला एकेक वाचून दाखवत होतो. हे दिल्लीहून हैदराबादला, हे कोलकात्याहून मुंबईला.

"बाबा, ते तीस हजार फुटांवर आहेत. आपला त्याच्याशी काय संबंध?"

"माहीत तं असलं पाहिजे."

"वर्धा खालून जाऊन राहिली. पाहा ना."

मी पाहिली. पाणी कमी, वाळू जास्त. मग पुन्हा टॅबवर मान. संत्र्याच्या बागा गेल्या, कपाशीची शेतं आली, पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आली, उजवीकडे सातपुड्याची निळी ओळ लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही. हे सगळं मी पाहिलं, पण जेवताना वर्तमानपत्र वाचणारा माणूस भाजी पाहतो तेवढंच. मितूने दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाली की आईने आज कोथिंबीर मोकळ्या हाताने घातली आहे. त्या प्रवासातला तेवढा एक तास निखळ आनंदाचा होता.

धावपट्टी

तापीचा चकाकता पट्टा दिसला आणि मितूचा आवाज बदलला. गंभीर आणि तुटक. या धावपट्टीवर नागपूरसारखा नियंत्रण मनोरा नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगतो आणि बाकीचे ऐकतात. धावपट्टीभोवती एक ठरलेला चौकोनी रस्ता असतो, आकाशातला. त्यावर सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं, रिंगरोडसारखं. मितूने सांगितलं की आपण धावपट्टी ओलांडून जाऊ आणि मग डावीकडे वळून त्या रस्त्याला लागू. म्हणजे आधीच रस्त्यावर असलेलं विमान उजवीकडून येणार. माझ्या बाजूने.

"बाबा, उजवीकडं पाहा. कोणी हाये का?"

मी टॅबकडे पाहिलं. धावपट्टीच्या आसपास एकही ठिपका नव्हता. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "स्क्रीन एकदम साफ आहे. कोणी नाही. बिनधास्त जा, वीस किलोमीटरात चिटपाखरू नाही."

हे वाक्य पुरतं संपलं नसेल. मितूने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि विमान एकदम डावीकडे आणि खाली झुकलं. माझ्या मांडीवरचा टॅब उडाला, डब्याचं झाकण उघडलं, आणि माझ्या खिडकीत एक पांढरं विमान आलं. आलं म्हणजे खिडकी भरली. त्याची चाकं दिसली. पोटावरून मागे गेलेला तेलाचा काळा ओघळ दिसला. ओघळाच्या कडेला धूळ बसलेली होती, तीही दिसली. मग ते वरून निघून गेलं.

मितूने रेडिओवर अगदी साध्या आवाजात सांगितलं की आपण बाजूला होऊन पुन्हा येतोय. पाच मिनिटांनी तिने विमान असं टेकवलं की मला कळलं नाही. खोबऱ्याचा कीस आणि वडीचा चुरा पायांपासून काचेपर्यंत सगळीकडे होता. टॅब माझ्या पायाशी पडला होता, आणि त्याच्यावर अजूनही एकही ठिपका नव्हता.

मी सरळ त्या पांढऱ्या विमानाकडे चालत गेलो. आत शाळेचाच एक शिक्षक होता, मितूच्याच वयाचा, आणि त्याची शिकाऊ विद्यार्थिनी. मी विचारलं, "तुमच्या विमानात ते सांगणारं उपकरण आहे की नाही?"

"आहे ना काका. नवीनच बसवलंय."

"मग मला दिसलं काहून नाही?"

"इथे सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत, आम्ही ते बंद ठेवतो. फार गरम होतं. खराब झालं तर दुसरं यायला महिने लागतात. लांबच्या उड्डाणाला लावतो, नाहीतर तपासणीच्या दिवशी."

मी वाकून आत पाहिलं. उपकरणाच्या तोंडावरचं पारदर्शक प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

आता सांगा, रागवू नको तर काय करू? आपल्या लोकांची ही कुठली रीत आहे? टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफ्यावर चादर, चांगले कप कपाटात पाहुण्यांसाठी. आमच्या घरीही आहेत, नाही म्हणत नाही. पण ज्या वस्तूचं एकच काम आहे, मी इथे आहे हे ओरडून सांगायचं, तिला जपून ठेवण्यासाठी गप्प बसवायचं? आणि वर कळस म्हणजे शाळेतल्या तिन्ही शिक्षकांकडे माझ्यासारखीच एकेक ऐकणारी डबी होती. चाळीस मीटरच्या हँगरमध्ये चार विमानं, आणि सगळे ऐकायला बसलेले. बोलायला कोणी तयार नाही.

मी हे सगळं तिथेच, त्या आवाजात, बोललो. हँगरमधले मेकॅनिक कामं थांबवून ऐकत होते. मितू मात्र एका खोलीत जाऊन बसली आणि लिहायला लागली.

दुसरा दिवस

शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांना तिथे सगळे मोठे कॅप्टन म्हणतात. सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. गोड माणूस. चहा मागवला, माझ्या पेन्शनची विचारपूस केली, नागपूरच्या संत्र्यांची स्तुती केली. गोड माणसांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

"विमान विमानाला लागलं का?" त्यांनी विचारलं. "नाही. कोणाला खरचटलं का? नाही. मग विमानखात्याच्या वरच्या कार्यालयाला कळवण्यासारखं घडलं काय?" आणि त्यांनी एक टाइप केलेला कागद मितूपुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की विमान नेहमीप्रमाणे उतरलं, विशेष काही घडलं नाही. त्याच टेबलावर, त्याच कागदाशेजारी, तिच्या शिफारशीचा अर्ज ठेवलेला होता. दोन्हींच्या मधे त्यांचं पेन होतं.

मितूने कागद वाचला, पूर्ण वाचला, आणि परत सरकवला. "सर, मी माझा रिपोर्ट लिहिलाय. दुपारपर्यंत देते."

मी तोंड उघडलं आणि बाहेर जे आलं ते छापण्यासारखं नाही. एवढं सांगतो की प्लास्टिकचा विषय त्यात तीन वेळा आला. कॅप्टन शेवटपर्यंत हसत होते. बाहेर आल्यावर मितू म्हणाली, "बाबा, जरा चूप राहता का?" आणि मी चिडून एकटाच धावपट्टीच्या कडेने चालायला लागलो.

धावपट्टीच्या मध्यावर एका निंबाखाली पत्र्याची खोली आहे. तिथे भिकन आप्पा बसतात. गुरं हाकलणं, वाऱ्याची दिशा सांगणं, हातातल्या रेडिओवर विमानांच्या हाका ऐकून वहीत वेळ टिपणं, ही त्यांची कामं. मला पाहून त्यांनी जेवायला बसवलं. नको म्हणायची सोयच ठेवली नाही. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, आणि भाजून लाकडी भांड्यात ठेचलेलं वांग्याचं भरीत. आमच्याकडे भरिताला लाल तिखट लागतं, इथे नुसती हिरवी मिरची. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की एकदा आग्रह करतात, इथे विचारतच नाहीत, वाढतात. तेल भाकरीवरून मनगटापर्यंत ओघळलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी पंधरा मिनिटं गप्प होतो.

हात धुतल्यावर आप्पा म्हणाले, "भाऊ, तुम्ही काल त्या पोरावर फार ओरडले. उपकरण बंद ठेवलं ते वाईटच. मी पण त्याला सांगतो. पण त्याने हाक दिली होती."

"कसली हाक?"

"रेडिओवर. रस्त्याला लागलोय म्हणून. मी ऐकली, वहीत आहे." त्यांनी वही उघडून बोट ठेवलं. वेळ, विमानाचा नंबर, आणि जागा. त्याच्या खालच्याच ओळीत आमचा नंबर होता आणि पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'बाजूला झाले'. दोन्ही ओळींत वेळ एकच होती.

"मग आमच्या कानात कशी नाही आली?" मी विचारलं.

आप्पांनी वही मिटली. "ते मी कसं सांगू?"

मला तिथेच उमगलं. मी तसाच हँगरकडे निघालो.

मितू हँगरच्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, "त्या पोरानं हाक दिली तवा तुले आयकू आली का?"

"अर्धी."

"अर्धी काहून?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बोलून राहिले होते."

वीस किलोमीटरात चिटपाखरू नाही, हे मी त्याच माइकवर, त्याच क्षणी म्हणत होतो. माझ्या आवाजाखाली ती हाक दबली. आणि त्याच्या आधी तिने मला काय विचारलं होतं?

"मी तुम्हाले पाहाले सांगितलं होतं बाबा," मितू म्हणाली. "तुम्ही मले वाचून दाखवलं."

तीस वर्षं मी ट्रेनींना घसा कोरडा करून सांगत आलो की काटा शून्यावर दिसला तर विश्वास ठेवू नका, आधी काटा जिवंत आहे का ते पाहा. रिकामी स्क्रीन बघून रिकामं आकाश मानणारा माणूस माझ्या विभागात असता तर मी त्याला त्याच दिवशी राख उपसायला पाठवलं असतं. दोन दिवस मी सगळ्या जगावर भुंकत होतो. त्या सुरक्षारक्षकावर, त्या पोरावर, कॅप्टनवर. माझी मला अशी चीड आली की काय करावं ते कळेना.

"रिपोर्टात लिहिलं का हे?"

"लिहिलं. कॉकपिटमधल्या बोलण्यामुळे हाक पूर्ण ऐकू आली नाही."

"कोणाच्या बोलण्यामुळे?"

"ते नाही लिहिलं."

"काहून?"

"विमान माझं होतं. उजवी बाजू पाहाचं काम पण माझंच होतं. मी ते तुमच्यावर सोपवलं, ती चूक माझी."

मी उठलो आणि सरळ मोठ्या कॅप्टनच्या खोलीत गेलो. कोरा कागद मागितला. काय झालं ते सांगितलं, माझी चूक जशीच्या तशी. कॅप्टनचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला.

"हे उत्तम झालं," ते म्हणाले. "तुम्ही एवढंच लिहा. प्रवाशाने लक्ष विचलित केलं. मुलीवर काही येत नाही, शाळेवर काही येत नाही. तिचा अर्ज मी आत्ता सही करून देतो. फक्त ते उपकरण बंद होतं, हे वाक्य नको. तिने तिच्या रिपोर्टातून ते काढावं. चूक तुमचीच आहे म्हटल्यावर त्याला अर्थ काय राहतो?"

खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं. माझी चूक होतीच. सगळा दोष डोक्यावर घ्यायला मी तयार होतो, नव्हे, तेवढीच एक गोष्ट त्या वेळी मला हवी होती. पोरीचं काम होत होतं. मी दोन ओळी लिहिल्यादेखील. तेवढ्यात मितू आत आली. तिने कागद उचलला, माझ्या बापासारखा शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "हे अर्धंच आहे."

"खरं आहे ना पण?" मी म्हणालो.

"खरं आहे. पण उपकरण उद्या पण बंदच राहील. काल त्या विमानात शिकाऊ पोरगी होती, बाबा. तिचा पण बाप आहे." मग ती कॅप्टनकडे वळली. "सर, दोन्ही वाक्यं जातील. नाहीतर यांचं पण नको."

कॅप्टनचा गोडवा तेव्हा पहिल्यांदा उतरला. त्यांनी पेन परत घेतलं आणि सांगितलं की प्रवाशाच्या निवेदनाची तशीही पद्धत नाही. शिफारशीचा अर्ज त्यांनी खणात टाकला. खण बंद झाल्याचा आवाज मितूनेही ऐकला. तिची मान ताठ होती, पण बाहेर आल्यावर ती नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली. मी जवळ गेलो नाही.

तिने रिपोर्ट संध्याकाळच्या आत वरच्या कार्यालयाला पाठवला.

परत

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं रेल्वेने नागपूरला आलो. चौकशी होईपर्यंत मितूने उड्डाण करायचं नाही, असं शाळेने कळवलं होतं. आप्पांनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली. गाडीत मी उजव्या खिडकीला बसलो होतो आणि मितू समोर. अकोल्याला आम्ही आप्पांची भाकरी खाल्ली. मग तिनेच विचारलं की आईला काय सांगायचं. मी म्हणालो, खरं ते.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग वड्यांचा रिकामा डबा घासायला घेतला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

या गोष्टीला दोन महिने झाले. शाळेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिथल्या सूचनाफलकावर एक सूचना लागली, तिचा फोटो पांढऱ्या विमानातल्या त्या शिक्षकाने मितूला पाठवला. सूचना अशी की यापुढे कोणत्याही विमानात विमानं दाखवणारी हातात धरायची यंत्रं नेऊ नयेत, त्यामुळे लक्ष विचलित होतं. खाली मोठ्या कॅप्टनची सही. विमानातलं उपकरण चालू ठेवा, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांना बंदी आणि मुक्यांना मोकळीक. त्या पोराने फोटोसोबत एक ओळ लिहिली होती, की तो आता उपकरण चालू ठेवतो, पण कॅप्टनना सांगू नका.

मी ती डबी फेकून दिलेली नाही. यंत्र वाईट नाही. जो सांगतो त्याचंच ते ऐकतं, एवढं समजून घेऊन आधी मान वर करून बाहेर पाहणाऱ्याच्या हातात ते उपयोगाचं आहे. माझ्यासारख्याच्या हातात नाही.

मितू घरी आहे. सकाळी पळायला जाते, दुपारी पुस्तकं घेऊन बसते, फोन वाजला की उठते. वरच्या कार्यालयाकडून अजून काही आलेलं नाही. काल हे लिखाण मी तिला वाचायला दिलं. तिने सगळं वाचून विचारलं, "छापाले देणार?"

"देणार."

"मग खाली तुमचं नाव टाका. मी टाकलं नव्हतं."

माझं निवेदन त्या फाइलमध्ये नाही. कॅप्टनना ते अर्धं हवं होतं, आणि पूर्ण नको होतं. म्हणून ते इथे देतो. मी, यशवंत रामटेके, त्या विमानात उजव्या खिडकीकडे बसलो होतो. उजवीकडून आलेल्या विमानातलं उपकरण बंद होतं, आणि त्या शाळेत ते बंदच ठेवायची पद्धत आहे. त्या विमानाने रेडिओवर हाक दिली तेव्हा मी बोलत होतो. माझ्या मुलीने मला उजवीकडे पाहायला सांगितलं होतं, आणि मी पाहिलं नाही.